दारू सोडणाऱ्याला मंडळ हवं

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये पिणाऱ्यांचं एक मंडळ आहे. तळीरामाच्या पुढाकाराने चाललेलं आर्यमदिरामंडळ. तिथे सभासद जमतात, वाद रंगतात, भाषणं ठोकली जातात, दारूच्या बाजूने युक्तिवाद होतात आणि नव्या माणसाचं तोंड भरून स्वागत होतं. गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला हे नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. याच नाटकात सुधाकर एकदा दारू सोडायचं मनापासून ठरवतो. घरात सिंधू आहे, पाठीशी रामलालसारखा मित्र आहे. पण ज्यांनी स्वतः प्याला खाली ठेवलाय आणि ठेवलेला टिकवलाय, अशा माणसांचं मंडळ सुधाकरच्या वाट्याला येत नाही. नोकरीसाठी तो प्रतिष्ठितांची दारं ठोठावतो, तिथे अपमान पदरी पडतो आणि पावलं पुन्हा बाटलीकडे वळतात. गडकऱ्यांनी पिणाऱ्यांची मंडळी रंगवली. सोडणाऱ्यांची मंडळी त्यांच्या नाटकात कुठे जमत नाही.

आज ती जमते, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमध्येही जमते. मात्र तिथवर पोचणं सोपं नाही. पिण्याची सोबत या उपनगरांत शोधावी लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडावं तर परमिट रूमच्या पाट्या, वाईन शॉपच्या खिडकीशी गर्दी, गल्लीच्या तोंडाला देशी दारूचं दुकान. महिनाअखेरीची ऑफिस पार्टी, सोसायटीची गच्ची, रस्त्याकडेला लावलेली मित्राची गाडी हे वेगळंच. सोडणाऱ्यांच्या मंडळीला मात्र पाटी नसते. शाळेच्या एखाद्या वर्गात, चर्चच्या आवारातल्या खोलीत किंवा समाजमंदिराच्या छोट्या सभागृहात आठवड्यातून एक-दोनदा पंधरा-वीस माणसं बसतात, तासा-दीड तासाने खुर्च्या जागेवर ठेवून निघून जातात. जिना उतरताना भेटलेल्या शेजाऱ्याला त्यांनी काय केलं हे कळत नाही. इथे येणाऱ्याला ओळख उघड न होण्याचं संरक्षण मिळतं ते असं. पण ज्याला अजून यायचंय, त्याला ही दारं दिसत नाहीत तीही याच कारणाने. या लेखाचा विषय हीच दारं.

गरज किती मोठी आहे, याचा अंदाज देणारा एक सरकारी दस्तऐवज उपलब्ध आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतल्या जवळपास २ कोटी ९० लाख लोकांचं शरीर आणि मन दारूवर अवलंबून आहे. उपचारांचा आकडा त्याहून बोलका आहे. अशा ३८ माणसांमागे फक्त एकाने कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाल्याचं सांगितलं, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा निघाला १८० जणांमागे एक.

मग बाकीचे काय करतात? मराठी घरात पहिला उपाय असतो शपथेचा. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा, कुलदैवताच्या पायाशी नारळ ठेवायचा, कुणा बाबांकडून गंडा बांधून घ्यायचा. गटारीला शेवटची म्हणून घेतात आणि श्रावण कडक पाळतात. महिनाभर थेंबही न घेतलेला माणूस मग घरच्यांना विचारतो, व्यसन असतं तर महिना काढला असता का? हा प्रश्न अनेक कुटुंबांना निरुत्तर करतो. खरं तर थांबता येणं एवढ्यावरून व्यसन नाही असं ठरत नाही. अवलंबून असलेली माणसंही वर्षानुवर्षं मधूनमधून थांबत आलेली असतात. श्रावण संपल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं, पहिला पेग घेतल्यावर दुसरा आणि चौथा कोण ठरवतं, हे तपासायला हवं. शपथ घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचं कारण नाही. फक्त ती तो एकट्याने घेतो आणि मोडतोही एकटाच. मोडल्यावर ज्या माणसांसमोर घेतली, त्यांनाच तोंड दाखवायची चोरी होते.

वारकऱ्याची माळ या बाबतीत वेगळी आहे. गळ्यात माळ घातली की दारू आणि मांसाहार सुटतो, आणि माळेमागे दिंडी येते, एकादशी येते, गावातलं भजनी मंडळ येतं. संध्याकाळचे दोन तास टाळ-मृदंगात जातात. माळेने दारू सुटलेली माणसं कोकणात, घाटावर आणि भांडुपच्या चाळींतही सापडतात. त्यांच्या सुटण्यात श्रद्धेचा जसा वाटा असतो तसा संगतीचाही असतो, हे मान्य करायला हवं. ज्याला ती वाट मानवते त्याने ती जरूर धरावी. ज्याला मानवत नाही त्याच्यासाठी गेल्या ९० वर्षांत दुसरी एक वाट तयार झाली आहे.

तिची सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन या गावी झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. त्याची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. सौदा फिसकटला, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याने हॉटेलमधूनच गावातल्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. दारूशी झगडणाऱ्या कुणाला तरी भेटवा, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यातून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. पंधरा मिनिटं देतो म्हणून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. इथे समोरचा माणूस आपलीच कहाणी सांगत होता आणि बोलण्याची गरज त्यालाही होती. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांचा शेवटच्या पेयाचा दिवस मानतात आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा, स्थापनादिनही तोच. दुसऱ्याला आधार देण्यातून आपलं स्वतःचं सोडणं टिकतं, हा त्या पहिल्या भेटीत लागलेला शोध आजही प्रत्येक ग्रुपच्या मुळाशी आहे. नव्या माणसाला इथे कुणाचे उपकार वाटत नाहीत, कारण जुन्या माणसालाही त्याची तितकीच गरज असते.

मुंबईत एएची सुरुवात झाली १९५७ साली. त्या वेळी शहरात दारूबंदी होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा कडकपणे राबवला जात होता, आणि तरी वस्त्यावस्त्यांत हातभट्टी आणि ‘आंटी’चे अड्डे जोरात चालले होते. कायद्याने दारू बंद असलेल्या शहरात दारू सोडू पाहणाऱ्यांना एकत्र यावंसं वाटलं, यात बंदीच्या मर्यादांविषयी बरंच काही येतं. पुढे बंदी सैल झाली, शहर उत्तरेकडे पसरलं, आणि लोकलच्या मार्गाने ग्रुपही उपनगरांत पोचले. इंग्रजीबरोबर हिंदी आणि मराठी बैठका सुरू झाल्या.

बैठकीत होतं काय? बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नाची असते. सुरुवातीला संस्थेचं छोटं निवेदन वाचलं जातं. मग एकेक जण आपलं पहिलं नाव सांगून, आपण अल्कोहोलिक असल्याचं सांगून बोलतो. पिणं कसं वाढलं, काय काय गमावलं, कसं थांबलं, आज कसं चाललंय. याला ते शेअरिंग म्हणतात. एक बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, खोडून काढत नाही. नवा माणूस गप्प बसला तरी चालतं. चहा होतो. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. एएला फी नाही, बाहेरच्या देणग्या ती घेत नाही, राजकारणात किंवा दारूबंदीच्या वादात पडत नाही. सभासदत्वाला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. कुणाला सोडून एक वर्ष झालं की तो दिवस वाढदिवसासारखा साजरा होतो. केक असतो, बायको-मुलं येतात, आणि बऱ्याचदा सगळ्यांत लहान मूल काय बोलतं ते ऐकून मोठ्यांचे डोळे भरून येतात. बैठका दोन प्रकारच्या असतात. खुल्या बैठकीला घरचे, डॉक्टर, कुणीही जाऊ शकतं. बंद बैठक फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी.

मराठी कुटुंबांत एक शंका हटकून निघते: चर्चच्या खोलीत भरतं म्हणजे हे ख्रिस्ती लोकांचं काही आहे का? एए ज्या बारा पायऱ्यांनी दारू सोडायची वाट दाखवते, त्यांचा उगम ख्रिस्ती वातावरणात झाला हे खरं आहे, आणि त्यांत ईश्वराचा उल्लेखही आहे. पण तो ईश्वर ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक मुळातच दिलेली आहे. खोली चर्चची मिळते कारण ती स्वस्तात मिळते आणि संध्याकाळी रिकामी असते. एकाच वर्तुळात गणपतीचा भक्त, नमाजी आणि काहीच न मानणारा शेजारी शेजारी बसलेले असतात. तरीही प्रार्थनेची भाषा ज्याच्या गळी उतरत नाही, त्याची अडचण खरी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. अशा माणसाला समुपदेशकाने चालवलेला गट अधिक मानवतो.

हे सगळं गुण येणारं आहे की नुसती श्रद्धा, असा प्रश्न विचारायलाच हवा. वैद्यकीय पुरावे चाळून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रन संस्थेने २०२० साली २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागींची माहिती एकत्र तपासली. एए आणि त्याकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार हे संपूर्ण वर्ज्य टिकवण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरले. वर्षभरानंतर दारूपासून पूर्ण लांब राहिलेल्यांचं प्रमाण एएच्या बाजूला सुमारे ४२ टक्के, तर इतर उपचारांच्या बाजूला ३५ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना पहिल्या वर्षात पूर्ण यश येत नाही. हे घरच्यांनी आधीच समजून घेतलेलं बरं.

मराठीत या कामाची स्वतःची परंपरा उभी राहिली ती मुक्तांगणमुळे. अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते घडवलं डॉ. अनिता अवचट यांनी. तिथून बरे होऊन बाहेर पडलेली अनेक माणसं तिथेच कार्यकर्ते झाली, हे त्या केंद्राचं बळ. केंद्रातून घरी गेल्यावर पाठपुराव्याला यायचंच, हा आग्रह त्यांनी पहिल्यापासून धरला. मुंबईत त्याआधीच, १९८१ साली, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले फादर परेरा बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे बारा पायऱ्या आणि योगासनं त्यांच्याकडे हातात हात घालून चालतात. मुलुंडच्या माणसाला एका स्टेशनावर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे.

आता शोधण्याचं. एएच्या मुंबईतल्या हेल्पलाइनवर फोन केला की तो उचलणारा बहुधा स्वतः सोडलेला माणूसच असतो, आणि कुठल्या वारी कुठे, किती वाजता, कुठल्या भाषेत बैठक आहे ते सांगतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. पण पत्ता मिळणं ही निम्मीच गोष्ट. उपनगरातल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळेवर बांधलेला असतो. चर्चगेटहून बोरिवलीला उभ्याने येऊन, घरी जाऊन, पुन्हा कपडे करून बैठकीला निघणं फार थोड्यांना जमतं. घरी गेला की बाहेर पडत नाही, किंवा पडला तर नको तिकडे जातो. म्हणून ग्रुप स्टेशन आणि घर यांच्या मधे असला तर पुष्कळ काम होतं. वेळही महत्त्वाची. ज्या घटकेला रोज ग्लास हातात यायचा, नेमकी ती घटका बैठकीत गेली पाहिजे.

काहींची अडचण उलटी असते. आपल्याच गल्लीतल्या ग्रुपमध्ये मुलाच्या शाळेतले पालक भेटले तर? अशांना लांबचा ग्रुप बरा. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून पश्चिमेचा माणूस अर्ध्या तासाच्या आत पूर्वेला पोचतो, आणि अंधेरीच्या नोकरदाराने घाटकोपरची बैठक धरणं शक्य झालं आहे. भाषेचं म्हणाल तर, ऑफिसात दिवसभर इंग्रजी झोडणारा माणूसही आईविषयी, मारहाणीविषयी, लाजेविषयी बोलायची वेळ आली की मातृभाषेत येतो. मराठी बैठक मिळत असेल तर ती आधी पाहावी. आणि एका बैठकीवरून मत बनवू नये. कुठे वयस्कांचा भरणा असतो, कुठे तरुणांचा, कुठे एकच गृहस्थ फार बोलतात. चार-पाच ठिकाणी जाऊन मग एक आपला मानावा. जुने लोक तर पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद बैठका कराव्या असं सुचवतात.

एक गोष्ट मात्र ग्रुपकडून होत नाही, आणि ती जिवावर बेतणारी आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, कंप, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणं असा गंभीर प्रकार होऊ शकतो. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर, मग बैठक. त्यासाठी खाजगी केंद्राचे हजारो रुपये मोजायलाच हवेत असं नाही. परळच्या केईएमपासून विलेपार्ल्याच्या कूपरपर्यंत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जेवणातून गुपचूप घातलेली दारू सोडायची गोळी हा प्रकार तर ताबडतोब थांबायला हवा. त्या गोळीतलं डायसल्फिरॅम पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो, आणि ज्याला माहीतच नाही तो सावध तरी कसा राहणार? रात्री चार माणसं पाठवून उचलून नेणाऱ्या केंद्रांपासूनही लांब राहावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक विकार येतात. त्यामुळे केंद्राला नोंदणी लागते आणि दाखल झालेल्याला हक्क असतात. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नये.

घरच्यांसाठी स्वतंत्र ग्रुप आहेत, हे अजून फार कमी जणांना ठाऊक आहे. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये अल-अॅनॉनची स्थापना केली, आणि त्याचे ग्रुप मुंबईतही भरतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट आहे. साहेबांना फोन करून ‘ह्यांना ताप आलाय’ सांगणारी, उधाऱ्या फेडणारी, मुलांना गप्प करणारी बायको वर्षानुवर्षं नवऱ्याचं पिणं सांभाळत असते आणि दोषही तिच्याच माथी येतो. तिने नवरा यायची वाट न पाहता आधी आपण जावं. स्वतः पिणाऱ्या बाईची कोंडी आणखी मोठी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरणं तिला अवघड, आणि घरचेच तिला बाहेर दिसू देत नाहीत. तिच्यासाठी फक्त महिलांच्या बैठका आहेत का, हे हेल्पलाइनवर पहिल्याच फोनमध्ये विचारावं.

आणि नाक्यावर काम मिळेल तेव्हा पिणारा, देशीवर किंवा त्याहून स्वस्त थैलीवर जगणारा माणूस? डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसं गेली, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक. दोन्ही वेळा धाडी पडल्या, निलंबनं झाली, खटले चालले. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण त्या वस्त्यांत दारू सोडू पाहणाऱ्याला बसायला एखादी खोली आहे का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. आठवड्यातून दोनदा एक वर्ग उघडून देण्याला लागणारा खर्च नगण्य आहे, आणि नगरसेवकाकडे मागणी करायला वस्तीतल्या महिला मंडळांइतका चांगला आवाज दुसरा नाही.

टाळेबंदीने या ग्रुपना एक नवी सवय लावली. मार्च २०२० मध्ये दुकानं आणि बैठका दोन्ही एकदम बंद झाल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला दुकानं उघडताच इतकी झुंबड उडाली की मुंबईत ती पुन्हा बंद करावी लागली. बैठका तोवर मोबाइलच्या पडद्यावर गेल्या होत्या. त्या अजूनही चालू आहेत, आणि सीप्झमध्ये रात्रपाळी करणाऱ्याला किंवा अंथरुणाला खिळलेल्याला त्यांचाच आधार आहे. प्रत्यक्ष खोलीत शेजारी बसलेल्या माणसाची सर त्यांना नाही. पण जिना चढायचं धैर्य होत नसेल तर कॅमेरा बंद ठेवून ऐकण्यापासून सुरुवात करता येते.

शेवटी घसरण्याबद्दल, ग्रुपच्या बोलीत स्लिप. सहा महिने सोडून पुन्हा प्यायलेला माणूस बहुतेक वेळा ग्रुपला तोंड दाखवत नाही, आणि घरचेही म्हणतात, झालं, तिथेही काही उपयोग नाही. बैठकीत मात्र असा माणूस परत आला की त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. हजेरीपट नसल्यामुळे नाव कापलं जात नाही. पहिल्या भेटीत ज्यांचे फोन नंबर घेतले, त्यांतल्या एकाला प्यायच्या आधी फोन करायचा राहून गेला असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी करावा. उचलणाऱ्यानेही तसाच फोन कधी तरी केलेला असतो. ‘किती घेतली’ यापेक्षा त्याला ‘आज संध्याकाळी येतोस ना’ हे विचारायचं असतं, आणि बैठक कुठे आहे तेही तो सांगतो.